मेंढ्यांची हजेरी

आमच्या शाळेची बाग गोल आहे.
दगड रचून कमरेइतके उचललेले सात वाफे,
वरून पाहिलं तर किल्लीचं भोक:
एका बाजूने आत शिरायला चिंचोळी वाट,
मध्ये काड्यांची टोपली, तिच्यात राख, सालपटं, खरकटं पाणी.
पालक, बीट, कांदे,
आणि दुपारी मक्याच्या घट्ट पापासोबत शिजवायला
मोहरीची कोवळी पानं.
मालुतीच्या या उतारावर याहून जास्त काही येत नाही.
वारा तेवढा येतो, तोही न पेरता.

मार्चात मोखेथी सर म्हणाले, आता जनावरं.
सहा कोंबड्या, एक कोंबडा, चार मेंढ्या.
खत घरचं होईल, अंडी पोरांच्या पोटात जातील,
लोकरीतून खडू येतील.
पालकसभेत मागून कुणीतरी विचारलं, आणि कोल्हा आला तर?
सरांनी कागद उलटून पालटून पाहिला.
कागदात कोल्हा नव्हता.

कोल्ह्याची गरजच पडली नाही.
पहिल्याच आठवड्यात मेंढ्यांनी चार वाफे संपवले,
पाचव्यात कोंबड्यांनी धुळीची अंघोळ केली,
आणि चौथीच्या मुलांनी रंगवलेल्या पाट्या
उघड्या मातीत उभ्या राहिल्या:
बीट. बीट. कांदा.

मी मासेरूला शिकलेली बाई.
मेंढीच्या पोटाचे चारही कप्पे मला फळ्यावर काढता येतात.
पण तांबड्या कानाची मेंढी डाव्या कुशीला फुगली,
दात खात खाली बसली,
तेव्हा चारांतला एकही कप्पा माझ्या उपयोगी पडला नाही.

तारेपलीकडे सेआबाता उभा होता. नेहमीसारखाच.
राखाडी ब्लँकेट, एका पायात फाटका गमबूट, हातात काठी.
दुसऱ्याची गुरं राखतो.
वय विचारलं तर म्हणतो,
मोठं हिम पडलं त्या वर्षी मी कोकरं उचलायचो.
तीन वर्षं तो या तारेपाशी थांबून आमचे पाढे ऐकतोय
आणि तीन वर्षं मी खिडकी लावून घेतेय,
मुलांचं लक्ष जातं म्हणून.

तो वाकून आत आला. विचारलं नाही.
मेंढीला उठवून तिचं तोंड चढाकडे केलं,
जबड्यात काठी आडवी बांधली
आणि कूस चोळत राहिला, चोळत राहिला.
सबंध चौथी आधी नाक दाबून,
मग नाक दाबायचं विसरून बघत होती.
शेवटी मेंढीने ढेकर दिला.
एवढ्या टाळ्या आमच्याकडे स्वातंत्र्यदिनालाही पडत नाहीत.

आता तो मंगळवारी येतो, गुरं खालच्या ओढ्यावर सोडून.
गोठा त्यानेच वाऱ्याच्या आडोशाला हलवला.
ताजी लेंडी वाफ्यात टाकू देत नाही:
"आधी निवू दे, मुळं भाजतील."
मी त्याला मोजायला शिकवते. चाळीसपर्यंत आलाय,
पण त्याला त्यात फारसं काही दिसत नाही.
"बाई, आकडा बरोबर असला
तरी मेंढी दुसऱ्याची असू शकते."

जूनमध्ये एकदा मी डोकी मोजली. एकेचाळीस. सगळे हजर.
तो दारातूनच म्हणाला, पिवळ्या टोपीवाली नाही.
टोपी होती. टोपीखाली केनेइलोएचा धाकटा भाऊ होता,
भात्यासारखा श्वास घेत, नजर जमिनीला.
ती दोन दिवस आईच्या अंथरुणापाशी बसून होती,
आणि माझ्या वहीत दोन्ही दिवस हजर.

तपासणीला साहेब आले. बाग पाहिली, अंडी पाहिली,
पशुधनाची नोंदवही मागितली.
वहीत नावं पाच.
"मेंढ्या तर चारच दिसतायत. ही पाचवी, सेआबाता?"
मी म्हटलं, डोंगरावर आहे, साहेब.
मंगळवारी येईल.
त्यांनी खूण केली, सही केली.
खिडकीतून गार वारा आला तसे म्हणाले,
ही लावून का घेत नाही?